विमान ऐनवेळी बदलले, तर बिझनेस क्लासच्या पैशांचे काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सोयाबीन विकले गेले आणि कापसाचे पहिले चुकारे हाती आले की आपल्या भागात सहलींच्या जाहिराती सुरू होतात. दुबई, थायलंड, व्हिएतनाम, मॉरिशस, युरोप. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांतूनही आता अशा सहलींना माणसे जातात आणि त्यांतली बरीच बिझनेस क्लास किंवा प्रीमियम इकॉनॉमीचे पैसे भरतात. यात हौसेपेक्षा गरज जास्त असते. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आई, साखरेचा त्रास असलेले वडील, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेशी निघालेले गुरुजी अशांना सात-आठ तास पाय दुमडून बसवायचे नाही, म्हणून घरचे लोक दुपटी-तिपटीने पैसे मोजतात. मग निघण्याच्या आदल्या रात्री किंवा थेट काउंटरवर कळते की विमान बदलले आहे आणि घेतलेला वर्ग नव्या विमानात नाहीच. सहल बुडू नये म्हणून माणसे निमूटपणे मागच्या सीटवर जाऊन बसतात. या बदलासाठी भारतात नियम आहे, टक्केवारी ठरलेली आहे, तरी ते पैसे गावापर्यंत पोहोचत नाहीत. ते कुठे अडतात आणि कसे मिळवायचे, हे वाचकांना कळावे म्हणून विमान तिकीट व सहल आरक्षणाचे काम करणारे आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिकीट घेताना विमान कंपनी ठरावीक वर्गातून नेण्याचा करार करते, ठरावीक विमानाचा नाही. प्रत्येक कंपनीच्या वाहतुकीच्या अटींत विमान बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. त्यामुळे ‘मला तेच विमान द्या’ असा आग्रह धरता येत नाही, पण ‘मला तोच वर्ग द्या, नाहीतर पैसे परत करा’ असे ठामपणे म्हणता येते. बिझनेसचा प्रवासी बिझनेसमध्येच राहिला, पण सपाट पलंग होणाऱ्या सीटऐवजी नुसती मागे कलणारी सीट मिळाली, तर नियमाच्या लेखी ती खालच्या वर्गात ढकलणी होत नाही. नाराजी रास्त असते, टक्केवारी मात्र लागू होत नाही. पैसे मोजून घेतलेली खिडकीची किंवा जास्त जागेची सीट गेली आणि तशीच दुसरी मिळाली नाही, तर त्या सीटचे शुल्क परत मागायचे. आणि वर्गच खाली गेला, बिझनेसचे इकॉनॉमी किंवा प्रीमियम इकॉनॉमीचे साधे इकॉनॉमी झाले, तर टक्केवारीचा नियम लागतो. या तिन्ही तक्रारी एकाच अर्जात कालवल्या की कंपनी सर्वांत स्वस्त तक्रारीचे उत्तर देऊन मोकळी होते. म्हणून मागणी नेमकी लिहावी.

विमान बदलल्याने वर्ग कसा नाहीसा होतो, ते सीटांच्या मांडणीवरून कळते. एअर इंडियाच्या ए-३५०-९०० मध्ये बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या २६४ सीट आहेत. बिझनेसची रांग एक-दोन-एक अशी असल्याने कुणालाही ओलांडून जावे लागत नाही. त्याऐवजी जुन्या मांडणीचे बोइंग ७८७-८ आले, तर बिझनेस १८ आणि बाकी २३८ इकॉनॉमी. म्हणजे बिझनेस पूर्ण भरलेले असेल तर दहा जण बाहेर आणि प्रीमियम इकॉनॉमीचे तर सगळेच्या सगळे इकॉनॉमीत, कारण तो वर्गच त्या विमानात नाही. कमी पल्ल्याच्या विमानांतही हेच होते. इंडिगोच्या ज्या ए-३२१ मध्ये ‘स्ट्रेच’ वर्ग आहे, त्यात पुढे १२ मोठ्या सीट आणि मागे २०८ असतात. जागेवर नेहमीचे १८६ सीटांचे ए-३२० आले की पुढचे बाराही जण मागे आणि वर एकूण ३४ सीट कमी. एम्ब्रेअर १७५ या छोट्या विमानात १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी अशी मांडणी मिळते, तर ५० सीटांच्या एम्ब्रेअर १४५ मध्ये सगळी इकॉनॉमी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर येणाऱ्या एटीआर-७२ मध्ये बिझनेस नसतेच. तेव्हा जोडप्रवासातला पहिला टप्पा अशा विमानाचा असेल तर ‘संपूर्ण प्रवास बिझनेस क्लासने’ हे पत्रकावरचे वाक्य पहिल्याच टप्प्याला खोटे ठरते. नागपूर–मुंबई टप्प्यालाही हे अनेकदा लागू पडते. तिकिटावर प्रत्येक टप्प्यासमोर वर्ग वेगळा छापलेला असतो, तो टप्प्याटप्प्याने वाचावा.

विमाने बदलण्यामागे बहुतेक वेळा खरीच अडचण असते आणि नादुरुस्त विमान उडवू नये हे कुणीही मान्य करील. २०२३ पासून प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील धातूच्या दोषामुळे ए-३२० निओ जातीची अनेक विमाने जमिनीवर बसली. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या आणि मोठ्या विमानांची ओढाताण वाढली. जून २०२५ मधील अहमदाबादच्या अपघातानंतर तपासण्या कडक झाल्या. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ए-३२० कुळातील हजारो विमानांचे सॉफ्टवेअर जगभर तातडीने बदलावे लागले. याखेरीज डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके असते. छोट्या पल्ल्याचे एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते, सकाळची एक फेरी तीन तास अडकली की संध्याकाळपर्यंतची साखळी विस्कटते आणि नियंत्रण कक्ष हाताशी असेल ते विमान पुढे काढतो. आमचे निरीक्षण असे की अशा वेळी चांगले विमान नोकरी-व्यवसायाच्या गर्दीच्या मार्गावर ठेवतात आणि काटछाट सहलीच्या मार्गावर होते. तिथला प्रवासी वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा, भांडण न करणारा आणि गटाने बांधलेला असतो.

विमान बदलले की संगणक जुना सीट-नकाशा नव्यावर बसवतो. खिडकीला खिडकी, कडेला कड अशी जुळवाजुळव होते. वरच्या वर्गाच्या सीट अपुऱ्या पडल्या तर साधारणपणे नेहमी फिरणारे कार्डधारक, महाग भाड्याचे प्रवासी आणि आधी चेक-इन केलेले लोक जागेवर राहतात. सहल कंपनीच्या गट-भाड्याचे प्रवासी खालच्या टोकाला असतात. त्यांच्या सीट अनेकदा शेवटच्या दिवसापर्यंत पक्क्याच केलेल्या नसतात. म्हणून गट-तिकीट असले तरी चेक-इन उघडताच, बहुतेक कंपन्यांत उड्डाणाच्या ४८ तास आधी, ते करून टाकावे. ‘विमानतळावर आमचा माणूस करील’ या भरवशावर राहू नये.

आता नियम. विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याने प्रवासी सुविधांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि ती १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला तिकिटावरील वर्गापेक्षा खाली बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि ३५०० च्या वर ७५ टक्के. ही दुरुस्ती करताना विमान बदलणे, सीट नादुरुस्त असणे आणि जास्तीची विक्री ही तिन्ही कारणे विचारात घेतलेली होती, त्यामुळे ‘विमान बदलले, आमचा इलाज नव्हता’ हे उत्तर पैसे नाकारायला पुरत नाही. अंदाजासाठी सांगायचे तर दिल्ली–काठमांडू ३० टक्क्यांत, मुंबई–दुबई आणि मुंबई–बँकॉक ५० टक्क्यांत, तर मुंबई–सिंगापूर, मुंबई–मॉरिशस, दिल्ली–लंडन ७५ टक्क्यांत बसतात. प्रवासी त्याच विमानाने गेला तरी ही रक्कम मिळते. प्रवास केला म्हणून हक्क संपत नाही.

काउंटरवर मात्र बहुधा वेगळाच हिशेब पुढे येतो, ‘भाड्यातील फरक’. समजा, चार महिने आधी बिझनेसची सीट करांसह ४०,००० रुपयांना घेतली. आज ऐनवेळच्या गर्दीत त्याच विमानाची इकॉनॉमी ३८,००० ला विकली जात आहे. फरक दोन हजार, घ्या आणि सही करा. ७५ टक्के लागू असतील तर हिशेब ३०,००० चा आहे. दोन हजारांच्या कूपनवर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे छापलेले असेल आणि खाली सही झाली असेल, तर पुढे भांडणे अवघड जाते. सही करावीच लागली तर शेजारी हाताने ‘माझे नियमानुसारचे हक्क राखून’ असे लिहावे, मराठीत लिहिले तरी चालते, आणि लगेच फोटो काढावा. कराचाही मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के आणि इकॉनॉमीवर ५ टक्के आहे. इकॉनॉमीत बसलेल्याने १८ टक्क्यांचा भार का सोसायचा? भारतातील नियम करांसह रक्कम म्हणतो, ते मागताना विसरू नये.

पैसे खरे अडतात ते याच्या पुढे. विमान कंपनीने परतावा मंजूर केला तरी तो ज्या मार्गाने भाडे आले त्याच मार्गाने परत जातो. गावातल्या प्रवाशाने पैसे दिले तालुक्याच्या एजंटाला, त्याने नागपूरच्या सहल कंपनीला, तिने मुंबईच्या घाऊक तिकीट विक्रेत्याला. परताव्याला ही सगळी शिडी उलटी उतरावी लागते आणि कुठल्या ना कुठल्या पायरीवर तो थांबतो. पायरीवरच्या प्रत्येकाला माहीत असते की खालच्याला रक्कम ठाऊक नाही. आम्ही याच धंद्यात आहोत, त्यामुळे हे स्पष्ट लिहिणे आमचे काम समजतो: प्रवाशाच्या नावावर आलेला डाउनग्रेडचा, म्हणजे खालच्या वर्गात बसवल्याचा, परतावा प्रवाशाचाच आहे. त्यावर एजंटाचा किंवा सहल कंपनीचा हक्क नाही. फार तर आधी लेखी ठरलेले सेवाशुल्क कापता येईल. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारीही डीजीसीएच्या परतावा नियमांत विमान कंपनीवरच आहे, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी मानला जातो. तेव्हा ‘आम्ही एजंटाला दिले, तुम्ही त्याच्याकडे बघा’ हे ऐकून घ्यायचे कारण नाही. कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणाच्या खात्यात गेली, हे कंपनीला ई-मेलने विचारावे. उत्तर लेखी आले की मधल्या पायऱ्या आपोआप हलतात.

पॅकेजमध्ये आणखी एक मेख असते. टक्केवारी तिकिटाच्या किमतीवर काढायची, पण पॅकेजवाल्याच्या हाती फक्त ‘एकूण दोन लाख दहा हजार’ अशी पावती असते. हॉटेल किती, बस किती, तिकीट किती, काही कळत नाही. ई-तिकीट मागितले तर भाड्याच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘आयटी’ किंवा ‘बीटी’ अशी दोन अक्षरे असतात. सहलीच्या आणि घाऊक भाड्यांवर रक्कम अशी झाकलेली असते आणि ते बेकायदा नाही. पण ७५ टक्के कशाचे, हा प्रश्न तिथेच अडतो. यावर उपाय पैसे भरण्याच्या दिवशीच करावा लागतो, नंतर होत नाही. पक्क्या पावतीवर किंवा वेगळ्या पत्रावर सहल कंपनीकडून लिहून घ्यावे: प्रत्येक टप्प्याचा वर्ग, विमानभाड्याची करांसह रक्कम, शक्य असेल तर टप्पानिहाय फोड, आणि वर्ग खाली आल्यास परतावा किती दिवसांत प्रवाशाच्या खात्यात जमा करणार हे. आकडा उघडा असलेल्या तिकिटावर ‘फेअर कॅल्क्युलेशन’ नावाची एक लांब ओळ असते, तीत शहरांच्या तीन अक्षरी खुणांमध्ये प्रत्येक भागाचे भाडे दिलेले असते. जाण्या-येण्याच्या एकत्र तिकिटातून एकाच टप्प्याची रक्कम वेगळी काढायला ती उपयोगी पडते. कोणत्याही एजंटाला ती वाचता येते, येत नसेल तर त्याच्याकडून परदेशाचे तिकीट घेऊ नये.

दुसरी वाईट सवय आमच्याच धंद्यातली. आरक्षणात प्रवाशाच्या नंबरऐवजी एजंट स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, गिऱ्हाईक परस्पर जाऊ नये म्हणून. वेळ बदलल्याचा, विमान बदलल्याचा, फेरी रद्द झाल्याचा संदेश मग एजंटाच्या फोनवर जातो आणि तो रात्री दहाला झोपलेला असतो. यात पैशांचेही नुकसान आहे. फेरी रद्द झाल्यावरच्या भरपाईच्या नियमात अशी अट आहे की आरक्षणाच्या वेळी पुरेसा संपर्क दिला नसेल तर भरपाई मिळणार नाही. म्हणून आरक्षण झाल्याबरोबर पीएनआर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर जावे आणि स्वतःचा नंबर व ई-मेल तिथे आहे का ते पाहावे. शेतात रेंज नसते, तेव्हा शहरात शिकणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर दुसरा म्हणून घालावा.

विमान बदलले हे ओळखायचे कसे? कंपन्या वेळेतला बदल कळवतात, पण विमानाच्या जातीतला बदल अनेकदा नुसता सीट क्रमांक बदलून उरकतात. आरक्षणात विमानाची तीन अक्षरी खूण असते. ‘३२एन’ म्हणजे ए-३२० निओ, ‘३२क्यू’ म्हणजे ए-३२१ निओ, ‘७एम८’ म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स ८, ‘७८८’ व ‘७८९’ म्हणजे बोइंग ७८७ चे दोन आकार, ‘३५९’ म्हणजे ए-३५०-९००, ‘७७डब्ल्यू’ म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर आणि ‘एटी७’ म्हणजे एटीआर-७२. तिकीट घेतले त्या दिवशीची खूण आणि सीट-नकाशा छापून ठेवावा. मग उड्डाणाच्या आठवडाभर आधी, ४८ तास आधी आणि घर सोडण्यापूर्वी, असे तीनदा ताडून पाहावे. अरुंद, म्हणजे मध्ये एकच वाट असलेल्या, विमानातील बिझनेसच्या रांगेत ए, सी, डी, एफ अशी चारच अक्षरे असतात. तुमच्या रांगेत मध्येच बी आणि ई दिसू लागले, तर ती रांग इकॉनॉमीची झाली आहे. बिझनेसच्या २८ सीटांचा नकाशा पाहिला होता आणि आता पुढे बिझनेसच्या तीनच रांगा दिसत असतील, तर विमान बदलून बिझनेसच्या सीट कमी झाल्या आहेत. शेवटच्या काही तासांत विमानांचा माग दाखवणाऱ्या मोफत अॅपवर तुमच्या फेरीचा क्रमांक टाकला की विमानाचा नोंदणी क्रमांक दिसतो. भारतीय विमानांचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो. त्या क्रमांकावर बोट ठेवले की विमानाची जात आणि ते आत्ता कुठे आहे, दोन्ही कळते. मात्र हा क्रमांक निघण्याच्या तासभर आधीही बदलू शकतो.

पुसद किंवा उमरखेडहून नागपूर गाठायला पाच तास सहज जातात. वाटेला लागल्यावर हाती काही राहत नाही. म्हणून तपासणी आदल्या संध्याकाळी घरूनच करावी. बदल दिसला तर लगेच कंपनीच्या फोनवर दोनच गोष्टी विचाराव्या: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात दुसऱ्या फेरीवर जागा आहे का, आणि नसेल तर डाउनग्रेडची नोंद तिकिटावर करणार का. पुढे हॉटेल आणि बस ठरलेली असते, त्यामुळे गटातून एकट्याने फेरी बदलणे बहुतेकांना परवडत नाही हे खरे. तरीही पर्याय विचारल्याची नोंद राहावी. पुढे ‘प्रवाशाने स्वखुशीने मान्य केले’ असे उत्तर आले तर हीच नोंद कामाला येते.

काउंटरवर गेल्यावर ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगावे आणि ‘प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध खालचा वर्ग, कारण विमान बदल’ एवढे शिक्क्यासह लिहून मागावे. ते देत नसतील तर तिथूनच, तिथल्या तिथे, कंपनीला ई-मेल करावा. त्यात तारीख, वेळ, फेरी क्रमांक, जुनी सीट, नवी सीट. सामानाची मर्यादा मूळ वर्गाचीच ठेवायला सांगावे, विश्रामकक्षाचाही (लाउंजचा) आग्रह धरावा. परतीच्या सामानात बॅग जड झालेली असते आणि इकॉनॉमीच्या मर्यादेने जादा वजनाचे पैसे घेतले, तर नुकसानीवर नुकसान. बोर्डिंग पास दोन्ही जपावे, मूळ सीटचा आणि बदललेला. मोबाइलमधला पास उड्डाणानंतर नाहीसा होतो, त्याचा स्क्रीनशॉट आधी काढावा. बियाणे उगवले नाही तर पिशवी, टॅग आणि पक्के बिल असल्याशिवाय तक्रार उभी राहत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विमानाच्या तक्रारीतही कागदाचे महत्त्व तेवढेच आहे.

म्हाताऱ्या माणसांबद्दल वेगळे लिहायला हवे. व्हीलचेअरची नोंद तीन प्रकारची असते: दूरवर चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्या चढता येत नाहीत, आणि सीटपर्यंतही चालता येत नाही. आपल्याकडे सर्रास पहिल्या प्रकारची नोंद होते. मोठ्या विमानाला सहसा इमारतीतून थेट दारापर्यंत नेणारा जोडपूल लागतो, म्हणून ती खपून जाते. ऐनवेळी छोटे विमान आले, ते दूर मैदानात उभे राहिले आणि शिडी चढायची वेळ आली, की गुडघ्याचा रुग्ण शिडीच्या पायथ्याशी अडकतो. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांची दुसऱ्या प्रकारची नोंद पहिल्यापासूनच करावी, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. फेरीचा क्रमांकच बदलला असेल तर व्हीलचेअर, मधुमेहाचे जेवण या नोंदी नव्या फेरीवर आपोआप गेल्या असे गृहीत धरू नये, फोन करून एकेक वाचून घ्यावी. वर्ग खाली गेलाच तर निदान कडेची, पुढच्या भागातली सीट आणि सोबतचा माणूस शेजारी, एवढे आधी मागावे. आत बसल्यावर सीट बदलून मिळणे अनोळखी सहप्रवाशाच्या मर्जीवर असते.

छोटे विमान आल्याने काहींना जागाच उरली नाही, तर तो प्रकार वेगळा, त्याला चढू न देणे म्हणतात. आधी स्वेच्छेने थांबणारे शोधायचे, हे कंपनीवर बंधन आहे. इच्छेविरुद्ध थांबवले आणि एका तासाच्या आत सुटणारी दुसरी फेरी दिली तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतली दिली तर एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराची दिली तर ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरी फेरी नको असेल तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, कमाल २०,०००.

युरोपच्या सहलीत परतीचा प्रवास पॅरिस, रोम किंवा फ्रँकफर्टहून असेल तर युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम लागतो, कंपनी कोणत्याही देशाची असो. तिथेही अंतरानुसार ३०, ५० आणि ७५ टक्के, भारतापर्यंतचे अंतर ७५ मध्ये येते, आणि रक्कम सात दिवसांत द्यायची असते. तिथल्या न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवून दिले आहे की टक्केवारी फक्त त्या टप्प्याच्या भाड्यावर काढायची आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर त्यात धरायचे नाहीत. जाताना भारतातून निघालेल्या भारतीय कंपनीच्या विमानाला मात्र आपलाच नियम. त्यामुळे जाण्याची आणि परतीची तक्रार वेगवेगळी लिहावी.

तक्रारीची वाट अशी. आधी विमान कंपनी. प्रत्येक कंपनीने नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) आणि त्यावरचा अपील अधिकारी यांचे संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, साध्या ग्राहकसेवेच्या फोनवर दिवस घालवू नये. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारचे एअरसेवा पोर्टल, किंवा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विमान मुंबईतून उडाले असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे यवतमाळ, वाशीम, अकोला, बुलडाण्यातच. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. प्रतिवादी म्हणून विमान कंपनी आणि सहल कंपनी दोघांनाही घालावे. एकालाच घातले तर ती दुसरीकडे बोट दाखवते.

डीजीसीएकडे आमच्या दोन मागण्या आहेत. विमानाची जात बदलून वर्ग किंवा सीट बदलत असेल तर त्याचा स्पष्ट संदेश, लागू होणाऱ्या परताव्याच्या टक्केवारीसह, प्रवाशाच्या नंबरवर मराठीसह प्रादेशिक भाषांत गेला पाहिजे. आणि गट-तिकिटांवर भाडे झाकलेले असले तरी डाउनग्रेड झाल्यावर टप्प्याचे भाडे प्रवाशाला लेखी कळवणे कंपनीवर बंधनकारक व्हावे.

तिसरी मागणी आपल्याकडे आहे, संपादक महोदय. सहलींच्या जाहिराती आपल्याच पानांवर येतात. ‘बिझनेस क्लासने युरोप’ असे ठळक छापणाऱ्या जाहिरातदाराकडून त्याच चौकटीत तीन गोष्टी छापून घ्याव्यात: कोणकोणत्या टप्प्यांना बिझनेस आहे, त्यापोटी विमानभाडे किती, आणि वर्ग खाली आल्यास परतावा कोण, किती दिवसांत देणार. जागा दोन ओळींची लागेल. येत्या हंगामाच्या जाहिराती स्वीकारायला सुरुवात होण्याआधी हे ठरले, तर त्याच हंगामात जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आपले,
विमान तिकीट व सहल आरक्षणाचे काम करणारे काही व्यावसायिक,
पुसद–दिग्रस–उमरखेड परिसर, जि. यवतमाळ